गायत्रीच्या वर्गातल्या मुली

तंजावूर
रविवार, २० जून १९९३

चंद्रमती अक्का,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील, असं धरूनच लिहिते आहे. ठेव बाजूला, पण फाडू नकोस. सोलापूरचा पत्ता मी वेंकटराव भाऊजींच्या इथल्या बँकेतून मिळवला. क्लार्क देत नव्हता. मग निघालं की मीच त्याला दहावीत गणित शिकवलं होतं. मग दिला.

मराठीत लिहिते आहे, कारण माझं मराठीतलं वाचणारं इथे कुणी उरलेलं नाही. थोरल्या काकांनी तिण्णेवर, दारातल्या ओट्यावर, बसवून बाराखडी घोटवली ती फक्त आपल्या दोघी चुलत बहिणींकडून. बाकी सगळे बोलतात मराठी, पण कागद पुढे केला की तमिळमध्ये लिहून दे म्हणतात. सोलापुरात राहून तुझं मराठी आता तिकडच्यासारखं झालं असेल. माझ्या चुका दिसल्या तर हस.

गावातला रोग गेला. क्लोरीनच्या गोळ्या वाटणारे लोक आता गल्लीत दिसत नाहीत. पेपरात येतं की हा कॉलरा नव्या जातीचा होता, मद्रासकडून आला आणि आता कलकत्त्याच्याही पुढे, बांगलादेशात पोचला आहे. तुमची गायत्री ३ फेब्रुवारीला गेली, दुसऱ्या दिवसापासून शाळा पाच आठवडे बंद राहिली, आणि मार्च संपायच्या आत तुम्ही दोघं बदली मागून निघून गेलात. मला कळलं ते शेजाऱ्यांकडून.

शाळा जूनमध्ये वेळेवर उघडली. नववीच्या त्याच मुली आता दहावीत आहेत आणि तो वर्ग मलाच दिला आहे. अडतीस मुली. मार्चमध्ये पब्लिक परीक्षा, तुमच्याकडची बोर्डाची. गणितात एकही नापास होणार नाही, असं मी हेडमिस्ट्रेसना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं आहे. होणारही नाही.

वर्गात सगळं ठीक आहे. मुली जरा गप्प असतात, पण अभ्यासाला ते बरंच. वासुकीची तुला आठवण येत असेल, गायत्रीच्या बाकावरची, हनुमंतरावांची मुलगी. ती बरी आहे. थोडी बारीक झाली आहे.

तू माझ्याशी का बोलत नाहीस ते मला माहीत आहे. त्याबद्दल आज लिहीत नाही.

राजम


तंजावूर
रविवार, १८ जुलै १९९३

अक्का,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. वर्गात सगळं ठीक नाही.

सोमवारी वासुकी फळ्यावर प्रमेय सोडवता सोडवता खाली कोसळली. ओठ फुटलेले, जीभ कोरडी. आम्ही तोंडावर पाणी मारलं तर ती अशी किंचाळली की शेजारच्या वर्गाच्या टीचर धावत आल्या. पदराने तिचं तोंड पुसलं, रिक्षात घालून घरी नेलं, तेव्हा तिच्या आईकडून सगळं कळलं. सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत ही मुलगी पाण्याचा थेंब घेत नाही. घरी पिते ते स्वतः तीनदा उकळलेलं, नाहीतर बसस्टँडवर हल्ली सीलबंद बाटल्या मिळतात त्यातलं. हात साबणाने इतके धुते की बोटांची सालं निघाली आहेत. धाकट्या बहिणीला जवळ येऊ देत नाही. ‘माझ्यापासून लांब राहा’ म्हणते, आणि ते रागाने नाही.

अक्का, ती रोज माझ्यासमोर बसते. मला दिसलं ते फक्त बारीक झाली, एवढंच.

मंगळवारपासून मी वर्गाकडे नीट बघायला लागले. शाळेत पाणी न पिणाऱ्या अकरा मुली निघाल्या. एकीने भुवईचे केस उपटून उपटून भुवई नाहीशी केली आहे. बाळकृष्णरावांची नात टेस्टच्या दिवशी सकाळी ओकते, म्हणून आता येतच नाही. आणि गायत्रीच्या जागेवर कुणी बसत नाही. शाळा उघडली त्या दिवशी ऑफिसातून नवं हजेरीपुस्तक आलं, त्यात तिचं नाव नव्हतं. मी हजेरी घेतली. सदतीस मुलींनी ‘प्रेझेंट टीचर’ म्हटलं, वासुकीने नुसता हात वर केला, आणि मी लगेच फळ्याकडे वळून समीकरण लिहायला घेतलं. एका मुलीचं नाव गेलं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

हेडमिस्ट्रेस म्हणतात, तो विषय काढू नका, मुली घाबरतील, परीक्षा जवळ आली की आपोआप ताळ्यावर येतील. सोमवारपर्यंत माझंही मत हेच होतं.

मी हनुमंतरावांच्या एस.टी.डी. बूथवर गेले आणि सांगितलं की मुलीला मोठ्या हॉस्पिटलात मनाच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं. ते आवाज खाली करून म्हणाले, “राजम टीचर, तिकडे नेली हे कळलं तर उद्या तिला कोण करून घेईल?”

मी म्हटलं, “आधी ती उद्यापर्यंत धड राहू दे.”

गुरुवारी मीच नेलं. सेतुराम म्हणून तरुण डॉक्टर आहेत, बंगळूरला शिकून आलेले. वासुकी त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. त्यांनी घाई केली नाही. गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाहेर बोलावून म्हणाले की हा हट्ट नाही, भित्रेपणाही नाही, हा आजार आहे आणि बरा होतो. शाळा बंद असताना मुली पाच आठवडे घरात बसून रोज कुणाचं तरी नाव ऐकत होत्या. मग शाळा उघडली आणि त्या नावांबद्दल बोलायला बंदी झाली. हिच्या पोटात त्यातलं काहीतरी अडकलं आहे. ते बाहेर येत नाही तोवर गोळ्या अर्धंच काम करतील.

काढीन मी ते बाहेर.

राजम


तंजावूर
रविवार, ८ ऑगस्ट १९९३

अक्का,

निघालं. आणि त्यासाठी मला तुझी मदत लागणार आहे.

तीन आठवडे रोज शाळा सुटल्यावर मी वासुकीबरोबर तिच्या वडिलांच्या बूथपर्यंत चालत जात होते. विचारत काहीच नव्हते. मी माझ्या पहिल्या नोकरीचं पापनाशम, तिथली ओढाळ मुलं, कालव्यात पडलेली माझी सायकल, असलं काहीबाही सांगत राहायचे. बुधवारी बूथवर गर्दी नव्हती. तिथे काचेची एक छोटी खोली आहे, फोन आतून करायचा. वासुकी म्हणाली, “टीचर, आत येता?” आम्ही दोघी कशाबशा मावलो. तिने दार लावलं, रिसीव्हर उचलून कानाला लावला. नंबर फिरवलाच नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं मुलगी फोनवर बोलते आहे. माझ्याकडे न बघता ती रिसीव्हरमध्ये बोलली.

“त्या दिवशी गायत्री माझ्या बाटलीतलं पाणी प्यायली. सगळं संपवलं तिने. ती बाटली मी शाळेच्या नळावर भरली होती. मी दिलं म्हणून ती गेली. आणि मीही तेच प्यायले होते, तर मला काहीच झालं नाही.”

मग तिने रिसीव्हर जागेवर ठेवला, दार उघडलं, आणि वडिलांच्या शेजारी स्टुलावर जाऊन बसली.

सहा महिने, अक्का. चौदा वर्षांची मुलगी सहा महिने हे घेऊन जेवली, झोपली, माझ्याकडे भूमिती शिकली.

मी तिला समजावलं. त्या नळाचं पाणी सगळी शाळा पीत होती, बाटलीने कुणी मरत नसतं, असं सगळं. तिने मान डोलावली. चुकलेलं उत्तर बरोबर म्हणून मुकाट्याने लिहून घेणाऱ्या मुलींची मान असते ना, तशी. सेतुराम डॉक्टरांनीही सांगून पाहिलं. ती म्हणते, तुम्ही तिथे नव्हता.

तिला आमच्या कुणाच्या सांगण्याचा उपयोग नाही. गायत्रीच्या आईने सांगायला हवं. तू वासुकीला दोन ओळी लिही. तुझ्यावर माझा कसलाही हक्क नाही हे मला कळतं. तिच्यासाठी मागते आहे. ती तुझ्या घरी वाढली म्हटलं तरी चालेल. गायत्रीच्या ताटात जेवलेली मुलगी आहे ती.

राजम


तंजावूर
रविवार, २९ ऑगस्ट १९९३

अक्का,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. पहिले आठ दिवस मी तुझ्यावर चिडले. चांगलीच चिडले. मग एका सकाळी केस विंचरताना हात थांबला. मी तुझ्याकडून, वासुकीकडून, वर्गातल्या सगळ्या पोरींकडून जे मागते आहे, ते मी स्वतः कुठे केलं आहे?

तर ऐक.

२ फेब्रुवारी, मंगळवार, तिसरा तास. बीजगणिताची टेस्ट होती. गायत्री उठली, बाहेर जाऊ का म्हणाली. मी जाऊ दिलं. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, आधी पेपर पुरा कर. टेस्टच्या दिवशी मुली असल्या सबबी काढतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. तिसऱ्यांदा ती उठून माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, “मावशी, मला बरं वाटत नाही.”

मी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “वर्गात मावशी नाही. टीचर म्हण, आणि जागेवर जाऊन बस.”

घरची मुलगी म्हणून सवलत देते, असं मला कुणी म्हणू नये, एवढीच माझी काळजी. ती जाऊन बसली. वासुकीने तिला बाटली दिली, ती तिने बाकाखाली वाकून रिकामी केली. मी ते पाहिलं. घंटा व्हायला पस्तीस मिनिटं होती. तेवढा वेळ ती बसली. तिने पेपरही पुरा केला, अक्का. माझ्याकडे आहे. नव्वद मार्क.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू तिला हॉस्पिटलात आणलंस, संध्याकाळी सगळं संपलं. आणि व्हरांड्यात, भाऊजी आणि त्यांची आई उभी असताना, मी तुला विचारलं, “कालच का नाही आणलंस?” तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. सगळ्यांना वाटतं राजमची जीभ तिखट, दुःखात बोलून गेली. तसं नाही. मला ती पस्तीस मिनिटं आठवत होती, म्हणून मी मोठ्याने तुला विचारलं. कुणीतरी मला विचारायच्या आत.

सेतुराम डॉक्टर म्हणतात की तेवढ्याने फरक पडला नसता. मला हिशेब कळतो. पटतोही. पण मी तिला बसवलं ते बसवलंच.

तुझी क्षमा मागते. द्यायची की नाही ते तुझ्याकडे. नाही दिलीस तरी मी उद्या शाळेत जाईन, शिकवीन, आणि हे वासुकीला तोंडाने सांगीन. तिचं आणि माझं एकत्र करू नकोस. तिला लिही.

राजम


तंजावूर
रविवार, १० ऑक्टोबर १९९३

अक्का,

तुझं पत्र आलं. माझ्या नावाने नाही, वासुकीच्या. शुक्रवारी शाळा सुटल्यावर ते हातात धरून ती माझ्या घरी आली. पाकीट फोडलेलं होतं. “टीचर, हे मराठीत आहे. अप्पांनाही वाचता येत नाही. तुम्ही वाचून दाखवा.”

अक्का, तू तमिळमध्ये लिहू शकली असतीस. वासुकीला देवनागरी येत नाही हे तुला चांगलं माहीत आहे. आणि तंजावुरात ते वाचणारं कोण आहे, हेही. हे पत्र माझ्याच तोंडून वाचलं जावं, अशी तजवीज तू केलीस. बरोबर केलंस.

मी वाचलं. गायत्रीचं पोट त्या दिवशी पहाटेपासूनच बिघडलं होतं. दोनदा जाऊन आली. टेस्ट चुकवायची नाही म्हणून तू तिला लिंबूपाणी देऊन शाळेत पाठवलंस. ती आदल्या रविवारी पापनाशमला लग्नात जेवली होती, आणि त्या पंक्तीतले आणखी चौघे त्याच दिवशी आजारी पडले, हे तुला नंतर कळलं. इथवर माझा आवाज ठीक होता. पुढे तू लिहिलं आहेस, “वासुकी, त्या रोगात माणसाला पाणी लागतं. नुसतं पाणी वेळेवर मिळालं तरी माणसं वाचतात, असं डॉक्टरांनी मला सांगितलं. मी तिला शाळेत पाठवलं. टीचरने तिला बसवून ठेवलं. त्या दिवशी तिला जे हवं होतं ते देणारी तू एकटी.”

‘टीचरने’ या शब्दावर मी थांबले. वासुकी वाट बघत होती. मग म्हणाली, “पुढे वाचा ना.” मी वाचलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं, आणि मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ती रडली, चांगली अर्धा तास रडली. तिची आई शोधत आली, तेव्हा मी तिलाही बसवून घेतलं.

माझं मी तिला तुझं पत्र यायच्या आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, “मला माहीत आहे टीचर. मी तिथेच होते. मला वाटलं तुम्ही विसरलात.”

तुला एक सांगायचं आहे. तू गायत्रीला टेस्टसाठी पाठवलंस असं लिहितेस. ती टेस्ट माझी होती. आजारी मुलीनेही चुकवू नये असं वाटावं, इतका धाक मी त्या घरात आणि त्या वर्गात भरून ठेवला होता. तेवढं तरी तू एकटी उचलू नकोस.

काल शनिवारी मी शेवटच्या तासाला पुस्तक उघडलं नाही. हेडमिस्ट्रेसना आधी सांगितलं. त्या नको म्हणाल्या. मी म्हटलं, निकालाची जबाबदारी मी लिहून देते, हा तास मला द्या. शेवटी म्हणाल्या, दार बंद करून घ्या. मी वर्गाला गायत्रीचं नाव घेऊन त्या मंगळवारी काय झालं ते सांगितलं. मग भुवई गेलेली राजलक्ष्मी उठली. तिची आजी घरीच गेली, तेव्हा आजीजवळ खोलीत ही एकटीच होती, हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मग दुसरी. मग तीन जणी एकदम. घंटा झाली तरी कुणी दप्तर भरलं नाही. आता दर शनिवारी तो तास असाच राहणार आहे.

राजम


तंजावूर
रविवार, १२ डिसेंबर १९९३

अक्का,

तू मला अजून लिहिलं नाहीस. वासुकीला मात्र तीन पत्रं आली. ती तिने मला वाचायला लावली नाहीत, कारण नोव्हेंबरपासून ती माझ्याकडे देवनागरी शिकते आहे. अजून जोडाक्षरांना अडखळते, पण तुझं तिसरं पत्र तिने आपलं आपण वाचलं आणि त्यात काय होतं ते मला सांगितलं नाही. मला बरं वाटलं.

सगळं छान झालं असं लिहिणार नाही, पुन्हा खोटं होईल. वासुकीच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात परीक्षा होईपर्यंत तरी लागतील. पाणी शाळेत पिते, पण आधी पेला डोळ्यांसमोर धरून बघते. हाताची कातडी भरून आली. घटक चाचणीत गणितात साठ पडले, पूर्वी ऐंशी पडत. मी एक शब्द बोलले नाही, आणि तीही रडली नाही. बाळकृष्णरावांची नात परत आली, आता टेस्टच्या दिवशी दाराजवळच्या बाकावर बसते. कुणालाही कधीही उठून बाहेर जायची मुभा आहे. फायदा घेणाऱ्या दोन-तीन जणी आहेतच, घेऊ देत. हनुमंतराव आता दुसऱ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांना स्वतः सेतुराम डॉक्टरांकडे घेऊन गेले. आणि गणितात कुणी नापास होणार नाही असं मी म्हणाले होते, आता तसं म्हणत नाही. एक-दोघी होतील. त्यांना ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसवीन.

आता मुख्य गोष्ट. शाळा तेवीस तारखेला नाताळसाठी बंद होते. शुक्रवारी मी मद्रासला निघते, शनिवारी तिथून मुंबईची मेल, रविवारी, सव्वीस तारखेला संध्याकाळी सोलापूर. तिकिटं काढून झाली. दोन काढली आहेत. वासुकीने स्वतःहून विचारलं, मी येऊ का. तिची आई घाबरली. दोन दिवस गाडीत, कुठलं पाणी, कुठलं खाणं. वासुकी म्हणाली, “स्टेशनावर सगळे पितात तेच पिईन. टीचर आहेत.” हनुमंतरावांनी माझ्याकडे बघितलं, मी वासुकीकडे बघितलं, आणि तिथेच ठरलं.

सोबत गायत्रीचा तो पेपर आणते आहे. तो तुझ्याकडे असायला हवा.

तू घरात घेशील की नाही हे मी विचारत नाही. नाही घेतलंस तर धर्मशाळेत उतरू आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊ. सुट्टी दहा दिवसांची आहे. आम्हा दोघींना तुझ्याजवळ बसून गायत्रीबद्दल बोलायचं आहे. ती काय खायची, कुणाची नक्कल करायची, गणितात कुठे चुकायची. या सगळ्या वर्षाने आम्हाला एवढं तरी शिकवलं. आता आम्हाला तिच्याबद्दल बोलता येतं.

तुझी धाकटी,
राजम